दूध सोडून परभणीकडे

पुणे स्टेशनवर मला पोचवायला आलेल्या सौ.नं दोन डबे माझ्या हातात ठेवले. एकात तेलाच्या पोळ्या होत्या, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. "हे संपलं की मात्र तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, "मराठवाड्यात तुमच्यासाठी कोणी वेगळी चूल मांडून बसलेलं नाही." नवरा आठ दिवस बाहेर चालल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर मी शोधलं. सापडलं नाही. तिला आता आठ दिवस दुधाचा चहा उघडपणे, माझा उपदेश न ऐकता पिता येणार होता.

त्याचं असं झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी आमच्या पेठेत निसर्गोपचारवाले एक आप्पा व्याख्यानाला आले. "दूध हे वासराचं अन्न आहे, तुम्ही वासरं आहात का?" असा प्रश्न त्यांनी सभेला विचारला. सभेत शंभरेक माणसं होती. ती सगळी गप्प बसली आणि मी एकट्यानं हात वर करून प्रतिज्ञा घेतली. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं बंद. मधसुद्धा बंद, कारण तो मधमाश्यांचा. मांसमच्छी आमच्या ब्राह्मणाच्या घरात नव्हतीच, म्हणून सोडायला दुसरं काही उरलंही नव्हतं. आता या प्रकाराला काहीतरी इंग्रजी नाव आहे म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत त्याला नाव नव्हतं, आमच्या घरात मात्र 'थेर' म्हणत.

पहिले पंधरा दिवस डोकं असं दुखलं की विचारू नका. शेंगदाणे वाटून त्यांचं दूध काढलं आणि चहात घातलं. चहा फाटला. होळी नसताना सौ.नं पुरणपोळी केली आणि शेजारी तुपाची वाटी ठेवून माझ्याकडे बघत बसली. मी ती पोळी गोडेतेलाबरोबर खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं ते गरम आहे म्हणून असं सांगितलं. पण खरं सांगायचं तर या सगळ्यात मला मजाही येत होती. कचेरीत लोक मला बघायला येत. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणीतरी झालो होतो.

परभणीकडे निघालो ते उत्तमसाठी. उत्तम खिल्लारे कचेरीत आठ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. दोन वर्षांपूर्वी त्याची परभणीला बदली झाली आणि तेव्हापासून त्याची पत्रं येत होती. "एकदा घरी ये. बाप तुला बघायचं म्हणतोय." मी रजा टाकली. प्रतिज्ञेचं त्याला काही कळवलं नव्हतं. समोरासमोर सांगून चकित करावं असा बेत होता.

मनमाडला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. ही मीटर गेजची गाडी कुणाचं काही नुकसान होऊ नये अशा बेतानं चालते. औरंगाबादच्या पुढं सौ.चे डबे संपले. जालन्याला समोर एक शेतकरी येऊन बसला. त्यानं फडकं सोडलं आणि न विचारता दोन दशम्या माझ्या हातावर ठेवल्या. खरपूस वास सुटला होता. मी विचारलं, "ह्या दुधात मळल्यात का?"

"मंग काय पान्यात मळत्यात व्हय दशमी?"

मी त्या परत केल्या आणि दूध वासराचं असतं हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे घास गिळला.

"बरुबर हाय. दूध वासराचं. पर वासरू कुनाचं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर काळी जमीन होती, तिच्यावर फुटलेला कापूस आणि मधूनमधून उभी ज्वारी. नजर अडेल असा डोंगर कुठे म्हणून नाही. पुण्याच्या माणसाला टेकडीशिवाय चुकल्यासारखं होतं.

सेलूला उतरलो. तिथं आप्पांचे एक शिष्य होते, रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, मोठे व्यापारी. आप्पांनी चिठ्ठी दिली होती, 'हेही आपल्याच व्रतातले आहेत, एक मुक्काम अवश्य करावा.' सेलूत तेव्हा कापसाचा हंगाम होता. जिनिंग कारखान्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. शेठजींच्या केसांत, मिशीत, भुवयांवर कापूस होता. दारात मोटार होती. त्यांनी मला मिठी मारली, "या व्रतबंधू!" म्हणाले आणि पाटावर बसवलं.

ताटात भात आला. भातावर वरण आलं. वरणावर शेठजींनी स्वतःच्या हातानं तुपाची धार धरली ती वरण दिसेनासं होईपर्यंत.

"शेठजी, हे तूप."

"तूप कसलं? हे औषध आहे. दूध सोडलं की आतडी कोरडी पडतात, म्हणून मी हे घेतो. आप्पांना माहीत आहे."

"आणि चहात दूध?"

"चहात गेलं की त्याचा चहा झाला. दूध राहिलंच कुठं?"

आता इथं मी उठायला हवं होतं. उठलो नाही. ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याच्या आग्रहाला नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नव्हती. शिवाय तीन महिन्यांनी तुपाचा वास आला होता. मी ते वरण खाल्लं, भात मागून घेतला आणि ताट बोटांनी पुसलं. वर "औषध चांगलं आहे" असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं पेडगाव स्टेशन गाठलं. उत्तम सायकल घेऊन उभा होता. त्याचं गाव तिथून दीड कोस. नाव लिहीत नाही. तिथली सगळी माणसं अजून माझ्याशी बोलतात, त्यात खंड पडायला नको. वाटेत तो भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "ह्यो माझा पुन्याचा दोस्त." एका म्हाताऱ्यानं मला खालवर न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी यांच्याकडंच उतरायलाव?" मी हो म्हणालो. "बरं, बरं," म्हणत तो जरा घाईनंच पुढं गेला. त्याचं काही मला तेव्हा उमगलं नाही.

छप्पन साली धम्म घेतलेलं हे घर. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागं गोठ्यात एक म्हैस. उत्तमचे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे. धोतर, कोट, कडक इस्त्रीची टोपी. माझ्यासाठी त्यांनी नवीन सतरंजी घातली होती, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. उत्तमची आई, तिला घरात सगळे माय म्हणत, दारातून माझ्याकडे बघून हसली आणि चुलीकडे गेली.

गुरुजी थोडे अवघडलेले वाटले. म्हटलं, यांना मोकळं करावं. म्हणून मी सेलूची गोष्ट सांगायला घेतली. शेठजींची मिशी, तुपाची धार, आतड्यांचं औषध, सगळं नकलांसकट. मी ताट कसं पुसलं तेही दाखवलं. गुरुजी टोपी काढून हसले. उत्तम तर लोळायचा बाकी होता. मी रंगात आलो होतो, आणि तेवढ्यात माय चहा घेऊन आली.

नवे कोरे कप, बशांवर निळी फुलं. चहा दाट, वर साय आलेली. मायनं कप माझ्यापुढं धरला.

"मी दूध घेत नाही," मी म्हणालो. "माझं व्रत आहे."

हे वाक्य पुण्यात मी इतक्यांदा म्हटलं होतं की ते आपोआप बाहेर पडलं. म्हटल्यावर कौतुकाची वाट बघायचीही सवय लागली होती. इथं मायचा हात तसाच पुढं राहिला.

गुरुजींनी टोपी परत डोक्यावर घातली. "माय, ने तो कप," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, वर्गात बोलावं तसं सावकाश बोलले, "आमच्याकडं आलेल्या मोठ्या लोकांना नेहमी काहीतरी असतं. कुनाला उपास असतो. कुनाला पित्त असतं. कुनी आत्ताच घेऊन आलेलं असतं. इन्स्पेक्टर शाळा तपासायला यायचे, त्यांना तर बाराही महिने एकादशी. व्रत मात्र पहिल्यांदाच ऐकायलोय. सेलूपर्यंत नव्हतं म्हनायचं."

सेलूची गोष्ट मी माझ्या तोंडानं, नकलांसकट सांगितली होती.

"गुरुजी, तसं नाही. द्या, मी पितो." मी कपाकडे हात नेला.

"आता नको," गुरुजी म्हणाले. "आता प्यालात तर आमच्यावर दया म्हनून प्याल. ते आमाला न्हाई पाहिजे."

उत्तम उठून मागं गेला. मी त्याच्यामागं गेलो. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"आठ वर्षं तू माझ्या डब्यातलं खाल्लंस," तो म्हणाला. "मी घरी सांगत आलो. बापाचा इस्वास नव्हता. पुण्यात खात असंल, म्हणायचा, इथं घरी येऊन खाऊ दे, मग मानतो. आणि तू आज…" त्यानं म्हशीला थोपटलं. "ही म्हैस बघतोस? टंच दूध देती. गावातला हॉटेलवाला ते घेत न्हाई. का ते मला इचारू नको. रोज पहाटे माय चरवी घेऊन गाडीनं परभणीला जाती. तिथं दूध कुणाच्या घरचं हे कुणी इचारत न्हाई. ह्या गावात आमचं दूध नको म्हणणारे घरोघर हायत. त्यात एक पुण्याहून आणायची काय गरज होती मला?"

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. वासराचा कळवळा सांगत मी पुण्यापासून आलो होतो, आणि माझं ते उदात्त व्रत या घरात शिरल्याबरोबर गावच्या हॉटेलवाल्यासारखं दिसू लागलं होतं. शेठजींच्या मोटारीपुढं ते मोडलं आणि गुरुजींच्या सतरंजीवर ताठ झालं, याला व्रत तरी कसं म्हणायचं?

संध्याकाळी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलातली अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्याची कुटलेली पूड). यात दुधाचा थेंब नव्हता. मी चार भाकरी खाल्ल्या. दोन भुकेच्या, तिसरी चवीची, चौथी पश्चात्तापाची. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यालो, सगळ्यांना दिसेल असं. गुरुजी बघत होते. एवढं सगळं चालतं, पाणीही चालतं, मग दूधच का नको, याचा मेळ त्यांना लागत नसावा. विटाळ पाळणारा माणूस सगळ्यांत आधी पाणी टाळतो.

"तुमचं व्रत खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"सेलूत मोडलं. पण खरं आहे."

"मंग सकाळी माझ्यासंगं पाटलाकडं चला."

सकाळी गुरुजींनी कोट घातला. वाटेत त्यांनी मला काही सांगितलं नाही. उत्तम तेवढा कुजबुजला, "पाटलाच्या घरच्या दुधाला ह्या गावात आजवर कुणी न्हाई म्हटलेलं न्हाई. बाप तुझी परीक्षा घ्यायलाय." मी विचारलं, पाटील चिडला तर गुरुजींना त्रास होईल का? ते गुरुजींनी ऐकलं. "माझं पेन्शन सरकार देतंय," ते म्हणाले, "पाटील न्हाई."

पाटील ढाळजेत (दारालगतच्या बैठकीत) लोडाला टेकून बसले होते. भरघोस माणूस, आवाजही तसाच. पुण्याचा पाहुणा म्हटल्यावर त्यांनी मला ओढून शेजारी बसवलं. गुरुजी दाराजवळच्या बाकड्यावर बसले. कुणी सांगितलं नाही, तरी ते तिथंच बसले, नेहमीच्या सवयीनं. पाटलांच्या दोन पोरांना त्यांनी मुळाक्षरं शिकवली होती.

आतून पितळी पेला आला. म्हशीचं आटवलेलं दूध, वर वेलदोडा. गुरुजींसाठी चहा आला, काचेच्या एका वेगळ्या ग्लासात. त्यांनी तो खाली ठेवला.

"घ्या," पाटील म्हणाले.

"मी दूध घेत नाही."

"उपास हाय? उपासाला दूध चालतं."

"उपास नाही. दूधच घेत नाही."

"मंग ताक आनतो."

"ताकही नाही."

"बरं, शिरा घ्या. साजूक तुपातला हाय."

"तूप म्हणून नको."

पाटलांनी एक एक करून खरवस, दही, लोणी आणि भाकरी, असं सगळं पुढं केलं आणि मी एक एक करून परत केलं. इतका ठाम मी आप्पांच्या सभेतही नव्हतो. वेलदोड्याचा वास नाकात शिरत होता, पण बाकड्यावरच्या त्या टोपीकडे बघितलं की जीभ आपोआप 'नाही' म्हणत होती.

पाटलांचा चेहरा लाल झाला. "काल गुरुजींच्या घरी जेवलात म्हनं?"

"हो. चार भाकऱ्या."

"पानी?"

"तांब्याभर."

"आन् आमच्या घरचं दूध चालत न्हाई?"

"नाही चालत, पाटील."

"कोन तुमी लोकं?"

मी जात सांगितली. पाटलांनी माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. त्यांच्या आजवरच्या हिशोबात हे कुठंच बसत नव्हतं. एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा पडला. "आमच्या घरात काही खोट हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

मला त्या माणसाची खरंच कीव आली. "खोट नाही," मी म्हणालो. "पाणी द्या, मी पितो." पाणी आलं, मी प्यालो. गुरुजी उठले. ग्लासातला चहा तसाच होता.

गावाबाहेर येईपर्यंत गुरुजी झपझप चालले. तुरीच्या शेताशी आल्यावर ते बांधावर बसले आणि हसायला लागले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डोळे पुसले, पुन्हा हसले. शेवटी त्यांना खोकला आला आणि उत्तमनं पाठ चोळली.

"आमच्या घरात खोट हाय का म्हनला!" गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षं झाली मला त्या बाकड्यावर बसायला. हाच सवाल माझ्या पोटात चाळीस वर्षं हाय. आज त्याच्या तोंडून ऐकला."

घरी आल्यावर मी मायला म्हणालो, "माय, आता चहा कर. दुधाचा. मी पिणार." मनापासून म्हणालो. मला खरोखर प्यायचा होता.

"करू नकोस," गुरुजी म्हणाले. "ह्यांचं व्रत हाय. कोरा कर, गूळ घालून." मग माझ्याकडे वळून त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काल तुमी न्हाई म्हनलात ते लागलं. आज म्हना. आज लागत न्हाई."

तो गुळाचा कोरा चहा मी दोन कप प्यालो. पुढचे तीन दिवस त्या घरात मला जे नको ते मी नको म्हणालो, जे हवं ते मागून घेतलं, आणि कुणी काही मनावर घेतलं नाही. कोणत्याही घरात नाही म्हणण्याआधी तिथं आपला माणूस व्हावं लागतं, हे मला आप्पांच्या व्याख्यानात कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना गुरुजी पेडगाव स्टेशनपर्यंत चालत आले. गाडीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला ते माझी ओळख करून देत होते. "हे उत्तमचे दोस्त. ह्यांचं दुधाचं व्रत हाय. आमच्याकडं न्हाई म्हनले, तसंच पाटलाकडंबी न्हाई म्हनले. मी सोता पाहिलंय." लोक माझ्याकडे बघत, गुरुजी अभिमानानं मान हलवत, आणि मी अंगठ्याच्या नखानं पिशवीचा बंद कुरतडत उभा होतो. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि मोठ्यानं म्हणाले, "जपा ते व्रत!"

पुण्याला घरी पोचलो ते सकाळी. सौ.नं माझा सुकलेला चेहरा बघितला आणि चहा ठेवला. आलं, वेलदोडा, भरपूर दूध. खरं सांगायचं तर गाडीतच मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पुरे झालं, आप्पांचं व्रत आप्पांना लखलाभ. वासराची काळजी वासराचा मालक करील. मी कप उचलला. ओठाशी नेला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"कोरा दे," मी म्हणालो.

"अहो, घ्या की," ती हसून म्हणाली. "कुणाला सांगणार नाही मी. इथं कोण बघायला आलंय?"

कोणीच बघत नव्हतं. तीच तर पंचाईत होती. तिकडे पेडगावच्या फलाटावर एक म्हातारा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याबद्दल शब्द देत उभा होता, आणि त्याचा तो शब्द खरा की खोटा हे आता माझ्या एकट्याच्या हातात होतं.